मनाचाही जीर्णोद्धार
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंदिराचे काम पुरे झाले, कळस चढला. या कामात गवंड्याने काय केले ते सर्व गावाने पाहिले आहे. त्याने जुन्या भिंतीला नावे ठेवली नाहीत. एकेक दगड ठोकून पाहिला. सुटलेला पुन्हा बसवला, फुटलेला बदलला, धड होता तो तसाच ठेवला. माणूस स्वतःच्या मनाशी मात्र असा वागत नाही. एक चूक झाली की "मी कामाचाच नाही" म्हणत सगळी भिंत पाडायला निघतो. आपला दोष पाहावा, सुधारावा, ते आत्मपरीक्षण. रात्रंदिवस स्वतःला हीन म्हणत बसणे ही आत्मनिंदा. तिने काहीच दुरुस्त होत नाही.

"माझ्याने होणार नाही" हे वाक्य पुष्कळदा माणसाचे स्वतःचे नसतेच. कधी घराने, कधी शाळेने, तर कधी सबंध समाजाने ते कानात घातलेले असते. ऐकून ऐकून ते आपलेच वाटू लागते. ते न मानणारी एक बाई नागपुरात होऊन गेली.

जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ साली उमरेडला, महार समाजात झाला. दुष्काळामुळे कुटुंब नागपूरला आले. लहान वयात लग्न झाले. पोटासाठी जाईबाई नागपूर-कामठी दरम्यान सामानाची ओझी वाहत. त्यांना लिहिता-वाचता येते, हे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंच्या ध्यानात आले आणि महिना ४ रुपयांवर त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली. पण अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी मुले पाठवण्यास नकार दिला. नोकरी गेली.

"लोक म्हणतात तेच खरे, आपण ओझीच वाहावी," असे जाईबाईंनी तेव्हा मानले असते, तर कोणाला नवल वाटले नसते. पण १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींची शाळा काढली. नाव दिले, संत चोखामेळा कन्या पाठशाळा. ज्या संताला देवळाबाहेर उभे राहावे लागले, त्याचे नाव शाळेच्या दारावर लागले.

देवळांची दारे पुढे उघडली. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ साली सर्वांना खुले केले. पंढरपूरचे मंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली खुले झाले. मनाची कडी मात्र आतून काढावी लागते. आणि ज्यांनी ती बाहेरून घातली, त्यांनीही हात लावला पाहिजे.

सभेत शेवटी बसून न बोलणारी बाई, नापास झालेला मुलगा, "आमची वर्गणी ती केवढी" म्हणून नाव सांगायला लाजलेला मजूर, ही मंडळी प्रत्येक गावात असतात. त्यांनी मनाशी वाद घालत बसू नये. उद्याचे एक लहान काम ठरवावे आणि पुरे करावे, परवा दुसरे. मन केलेल्या कामावर विश्वास ठेवते. आणि वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे, की "तुझ्याने होणार नाही" हे शब्द यापुढे कोणत्याही लेकराला ऐकवू नयेत.

एवढे झाले, तर या जीर्णोद्धाराचे काम खऱ्या अर्थाने पुरे झाले असे होईल.

रामकृष्ण हरी!