रानात रात्र पडली तर



आज आपण पुरचुंडीबद्दल बोलू. रानात जाताना कमरेला किंवा खांद्याला अडकवायची लहानशी पुरचुंडी. तुम्ही म्हणाल, गुरुजींना आज दुसरे काही सुचले नाही. पण आपला जिल्हा रानाचा. चैत्रात मोहा वेचायला जावे लागते. मग तेंदूपत्ता येतो. गुरे तर बाराही महिने रानातच. सकाळी गेलेला माणूस दुपारी परत येईल असे आपण धरून चालतो. एखाद्या दिवशी तो येत नाही. पाय मुरगळतो, नाला भरतो, वाट चुकते.

आमच्यावर ही पाळी आली, ती आधी सांगतो.

१९९४ साल. श्रावण होता. आम्ही घाटंजी तालुक्यात मास्तर होतो. अकरा मुले घेऊन रान दाखवायला गेलो. घरी सांगितले, "जवळच जाऊन येतो." जवळच म्हणजे कुठे, ते कोणाला सांगितले नाही. मुलांपैकी एक कोलामपोडावरचा होता. त्याच्या कमरेला फडक्याची पुरचुंडी. आम्ही हसून विचारले, "काय रे, सासरी निघालास?" तो म्हणाला, "आजीनं देल्लं, गुर्जी."

दुपारी वरच्या अंगाला पाऊस झाला. आमच्या डोक्यावर थेंबही नव्हता. परतताना नाल्याला गुडघाभर पाणी. आम्ही म्हणालो, हात धरा, उतरून जाऊ. तो पोरगा मागेच उभा राहिला. म्हणाला, "गुर्जी, पाणी गढूळ झालं. काडीकचरा येऊन राहिला. जाऊ नका." आम्हाला राग आला. मास्तरला पोराने शिकवावे? पण पाय काही पुढे पडला नाही. थोड्याच वेळात नाला दोन्ही काठ भरून वाहू लागला. मधोमध एक आख्खे झाड गेले. ते झाड आम्हाला अजून दिसते.

रात्र एका कपारीत काढली. पाऊस आमच्यावरही आला. सर्वांत लहान मूल थंडीने थडथड उडू लागले. आमच्या खिशात काय होते? पेन, हजेरीचा कागद आणि कवायतीची शिट्टी. बस. त्या पोराने पुरचुंडी सोडली. आत खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी होती. तिचा एक कोपरा आत दाबून त्याने खोळ केली आणि लहान्याच्या डोक्यावर घातली. फुटाणे आणि गुळाचा खडा सर्वांना थोडा थोडा दिला. आगपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरून दोऱ्याने बांधलेली होती. बोंडातला कापूस होता, आणि सालईच्या डिंकाचे दोन खडे. जमिनीवरच्या ओल्या काटक्या त्याने घेतल्या नाहीत. झाडावरच वाळलेल्या, कडकन मोडणाऱ्या बारीक फांद्या आणल्या. कापूस पेटला, त्यावर डिंक पेटला, मग काटक्या. लहान्याला आम्ही विस्तवाजवळ मांडीवर घेतले. मध्यरात्रीनंतर त्याची थंडी उतरली.

गावचे लोक रात्रभर दुसऱ्याच बाजूला शोधत होते. पहाटे आम्ही शिट्टी वाजवली. तीन वेळा, मग थांबून पुन्हा तीन वेळा. ती ऐकून ते आले.

आठ दिवसांनी आजीकडे गेलो, हात जोडले. तिने पुरचुंडी सोडून पाहिली आणि म्हणाली, "आगपेटी संपवली, मास्तर. भरून द्या." आम्ही दिली.

आता तुमची पुरचुंडी. शहरात दुकानात अशा कामाच्या वस्तू मिळतात, महागही असतात. त्यांची गरज नाही. पण एक पारख ठेवा. वस्तू इतकी हलकी हवी की रोज नेताना कंटाळा येऊ नये. जड गाठोडे दोन दिवस नेतो आणि तिसऱ्या दिवशी खुंटीला राहते. आणि एका वस्तूची दोन-तीन कामे व्हावीत. उपरणे घ्या. ते डोक्याला बांधता येते, पाणी गाळता येते, मोडलेल्या हाताला झोळी होते. सुतळीचे तसेच. विळा तर तुमच्याजवळ असतोच.

पाण्याचे जरा जपून. उन्हाळ्यात आपल्याकडे ऊन माणूस मारते. अन्नावाचून माणूस काही दिवस काढतो, पाण्यावाचून वैशाखात एक दिवसही कठीण. बाटली भरलेली हवी. शिवाय मीठ-साखरेची पुडी ठेवा. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा मीठ जास्त नको. नदी आटली तर वाळूत झिरा खणायचे तुम्हाला आम्ही काय शिकवावे! पण झिऱ्याचे पाणीही गाळून, उकळून प्यावे. त्यासाठी पत्र्याचा लहान डबा असू द्या. त्याच डब्यात बाकीच्या वस्तू बसतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, सगळे रोगजंतू मरत नाहीत.

विस्तवाचे उलटे सांगतो. पावसाळ्यात, थंडीत तो जीव वाचवतो. उन्हाळ्यात पानगळीच्या रानात एक ठिणगी कोसभर रान जाळते. राखीव जंगलात विस्तव करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून जिवावर बेतले तरच, खडकावर किंवा वाळूत, आणि निघताना पाणी नाहीतर माती टाकून विझवा. मोहा वेचायला झाडाखालचा पाला जाळता ना, ती खोड सोडा.

वाघाची भीती आपल्याकडे खोटी नाही. राळेगाव, पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीने काय दिवस दाखवले ते तुम्हाला ठाऊक आहे. ती २०१८ च्या नोव्हेंबरात मारली गेली. पण टिपेश्वरच्या रानात वाघ आहेत आणि राहतील. मोह्याखाली अस्वलही येते. रात्र पडली तर भटकू नका. एकत्र बसा, मोठ्याने बोला. पुरचुंडीत विजेरी असावी, सेल वेगळे काढून ठेवलेले. साप चावला तर दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. रानात रेंज नसते, म्हणून मोबाईलवर गाणी ऐकून बॅटरी संपवू नका. टेकाडावर चढून पाहिले तर कधीकधी लागतो.

रानात न जाणाऱ्यांनीही ऐका. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. माणसे अडकली. रान त्यांच्या दारातच आले म्हणा ना.

दूर दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात, १९७१ साली एक विमान जंगलात पडले. सतरा वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. तिच्याजवळ गोळ्यांची एक पिशवी होती. आई-बाप जंगलाचे अभ्यासक, त्यामुळे ओढ्याच्या काठाने गेले की माणूस भेटतो हे तिला ठाऊक होते. अकराव्या दिवशी माणसे भेटली. शोधणाऱ्यांना ती दिसेल अशी जागा ती नव्हती. तुमच्या मागे मात्र गाव आहे. गावाला तुमची दिशा कळली, तर तुम्ही एका जागी बसून राहा. शिट्टी स्वस्तात मिळते, ती विसरू नका.

आणि दिशा कळावी म्हणून आता तुम्हाला अक्षर आले आहे. जाताना दाराच्या फळीवर खडूने लिहायचे. कुठे, कोण कोण, केव्हा परत. पाट्या काढा. तुम्ही उद्या जिथे जाणार तिथले नाव घालून लिहा. हे असे:

"मोहा. नाल्यापलीकडे. आम्ही चौघी. दुपारी परत."

लिहून झाले की पाटी वर करा. आम्ही एकेक वाचतो.