सगळ्यात वाईट दिवसाला झेपेल एवढंच



दीक्षान्त समारंभाला शास्त्रज्ञ बोलावतात, उद्योगपती बोलावतात. मी तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणारा साधा फिजिशियन. निमंत्रणाचा फोन आला तेव्हा कुलगुरूंना विचारलं, "मॅडम, माझं काय काम तिथे?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, यातले निम्मे दहा वर्षांत तुमच्या बाकावर येऊन बसणारच आहेत. ओळख आधी झालेली बरी."

त्यांनी थट्टेत म्हटलं, पण माझ्या बाकावरची गर्दी खरंच बदलली आहे. पूर्वी दिवाळीला पुण्या-मुंबईहून आलेला मुलगा आईवडिलांना दाखवायला आणायचा. आता आई मुलाला घेऊन येते. वय एकतीस-बत्तीस, कंपनी नामांकित, पगार ऐकून मी तोंडात बोटं घालावीत असा, आणि बीपी १५०/१००. मी काही बोलायच्या आत तोच सांगतो, "सर, सोमवारपासून जिम लावतोय." कोणता सोमवार ते मात्र सांगत नाही. जानेवारीत वर्षाची फी एकरकमी भरून झालेली असते आणि फेब्रुवारीत बूट माळ्यावर गेलेले असतात. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. जिमवाल्यांचा नफा दहाव्या दिवसापासून सुरू होतो.

हा मुलगा आळशी आहे असं समजू नका. प्रवेश परीक्षा, चार वर्षांचं इंजिनिअरिंग, कॅम्पसच्या मुलाखती हे सगळं त्याने पार पाडलंय. मग घोडं अडतं कुठे? बेत आखताना त्याच्या डोळ्यांपुढे रविवारची सकाळ असते. झोप झालेली, चहा आयता मिळालेला, मोबाईल शांत. त्या भरात तो ठरवून टाकतो की उद्यापासून पहाटे पाचला उठायचं, तासभर व्यायाम करायचा, साखर बंद, तळण बंद, आणि महिन्याला दोन पुस्तकं. मग बुधवार येतो. ऑफिसचं काम संपवून रात्री दोनला लॅपटॉप मिटलेला, सकाळी नळाला पाणी नाही, घरात कुणीतरी तापाने फणफणलेलं. त्या दिवशी व्यायाम बुडतो. आणि बेत तासाभराचा असल्यामुळे तो अर्धामुर्धा करता येत नाही, अख्खाच बुडतो.

मला आज तुमच्याशी या बुधवारबद्दल बोलायचं आहे. नेम धरायचा तो बुधवारच्या हिशोबाने धरा. अंगात ताप नसेल तर सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा जे हटकून होईल, तेवढंच रोजचं म्हणून कबूल करा. दहा मिनिटं चालणं, पाच सूर्यनमस्कार, वहीत तीन ओळी. चांगल्या दिवशी हवं तेवढं जास्त करा, कोण अडवतंय? पण हिशोबात धरायचं ते कबूल केलेलं तेवढंच.

एकवीस दिवसांत सवय लागते असं तुम्ही ऐकलं असेल. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी एकवीस दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. 'कमीत कमी' वाटेत गळून पडलं आणि चेहऱ्याचं जे होतं ते पहाटे उठण्याला लागू झालं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा रीतसर अभ्यास केला. जेवणाबरोबर एखादं फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी थोडं पळणं, अशा साध्या गोष्टी लोकांनी स्वतःच निवडल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मधला आकडा ६६ चा. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. तेव्हा बुधवार बुडाला तर गुरुवारी गुपचूप पुन्हा सुरू करा. प्रायश्चित्त म्हणून दुप्पट करायला जाऊ नका, पाठ धरेल आणि माझ्याकडे यावं लागेल.

दहा हजार पावलांचंही तसंच. मनगटावरच्या घड्याळात तो आकडा पुरा व्हावा म्हणून रात्री अकराला दिवाणखान्यात येरझाऱ्या घालणारी माणसं मी पाहिली आहेत. १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. विक्रीसाठी सोयीचा, सुटसुटीत आकडा. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढत नव्हता. तुम्ही बावीस वर्षांचे आहात, तेव्हा आकडे जसेच्या तसे उचलू नका. पण सर्वांत मोठा लाभ अगदी न चालणाऱ्याने थोडं चालण्यात आहे, हे रोजच्या ओपीडीत मलाही दिसतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. दिवसाला जेमतेम बावीस मिनिटं झाली. एवढा वेळ आपण बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं पार्किंगचं भांडण वाचण्यात घालवतो.

साधनांचं विचाराल, तर एका राजाची गोष्ट सांगतो. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी युजेन सँडोच्या भजनी लागले होते. सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. १८९७ पासून जवळजवळ दहा वर्षं भवानरावांनी त्याची पुस्तकं आणि उपकरणं मागवून व्यायाम केला. पैशाला तोटा नव्हता. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, आणि १९३८ मध्ये लंडनहून या विषयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. जगातली उत्तम उपकरणं परवडत असलेला माणूस शेवटी सतरंजीवर आला, कारण सतरंजी प्रवासात नेता येते आणि जोडीदार लागत नाही.

एक नमस्कार नीट पाहा. हात वर करून पाठ मागे झुकते, मग कमरेतून पुढे वाकताना मांड्यांच्या मागचे स्नायू ताणले जातात, एक पाय मागे, दुसरा मागे, क्षणभर सगळं वजन तळहातांवर आणि चवड्यांवर. दिवसभर कीबोर्डवर वाकलेल्या माणसाच्या शरीराला जे जे मिळालेलं नसतं ते ते सगळं यात येतं. पाच घालायला दोन मिनिटं लागतात. बीपी वाढलेलं असेल, मणक्याचं किंवा डोळ्यांच्या दाबाचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरला विचारा. हे मला सांगावंच लागतं.

आता लिहिण्याकडे येतो. तुमच्यातल्या पुष्कळांना वाटेल, आम्ही स्थापत्यवाले, इलेक्ट्रिकलवाले, आमचा आणि लेखनाचा काय संबंध? मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. सोलापूरचा मुलगा, कोइमतूरला वनविद्या शिकला आणि निवृत्त होईपर्यंत जंगलात नोकरी केली. चालणं त्यांच्या कामातच होतं. त्यांनी जास्तीचं काय केलं, तर पाहिलेलं आणि ऐकलेलं टिपून ठेवलं. नवेगावबांधच्या तळ्यावरचे मासेमार ढीवर एखाद्या पक्ष्याला काय म्हणतात, गोंड काय म्हणतात, ते नाव लिहून घ्यायचं. त्याच तळ्याकाठी, त्याच पगारावर इतरही अधिकारी येऊन गेले असतील. 'पक्षिकोश' चितमपल्लींच्या हातून झाला, आणि २००६ मध्ये सोलापूरलाच साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी हा वनाधिकारी बसला.

तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसं. मग माझ्या एका पेशंटबद्दल ऐका. वीज कंपनीत वायरमन होते, आता निवृत्त आहेत, मधुमेहासाठी माझ्याकडे येतात. खिशात मावेल अशा डायरीत ते प्रत्येक फॉल्ट लिहून ठेवायचे. फीडर कोणता, डीपी कुणाच्या शेताजवळचा, वारा होता की पाऊस, काय सापडलं. मी त्या डायऱ्या चाळल्या आहेत. 'ओढ्याकाठची लाईन ट्रिप. वारा पश्चिमेचा. चिंचेची फांदी घासते. तोडली. पुन्हा वाढणार.' एवढंच. वर्षानुवर्षांच्या या नोंदींतून असं झालं की पहिल्या वळवाला कुठे जंपर तुटणार ते त्यांना आधीच ठाऊक असायचं. ते निवृत्त झाल्यावर नवी पोरं घरी येऊन त्या डायऱ्यांची झेरॉक्स घेऊन गेली. या गृहस्थांचं शिक्षण आयटीआयपर्यंतचं. डायरीत ऱ्हस्वदीर्घाची बोंब आहे आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

म्हणून लिहा, आणि मराठीत लिहा. आज काय पाहिलं, काय बिघडलं, कशाने दुरुस्त झालं. 'माझी जीवनविषयक भूमिका' वगैरेला हात घालू नका, तिला चाळिशीपर्यंत वेळ द्या. वर्षभरानंतर त्यातलं एखादं पान आपल्याच धंद्यातल्या नवख्या माणसाला दाखवण्यासारखं झालेलं असेल. ते दाखवा, चार लोकांपुढे ठेवा, चुका काढू द्या. साइटवर काँक्रीट ओतताना पावसाने गाठलं तर काय केलं, हे मराठीत नीट लिहून ठेवणारा तरुण इंजिनिअर मला अजून भेटायचाय. आपण सगळी अक्कल तोंडीच ठेवतो आणि माणसाबरोबर ती जाते.

राहिलं यश. अशा व्यासपीठावरून खाशाबा जाधवांचं नाव घ्यायचा रिवाज आहे, मीही घेतो, पण जरा वेगळ्या कारणासाठी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. जिद्द, चिकाटी वगैरे सगळं खरंच आहे. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवून ते पैसे फेडले. आपण भाषणात मल्लाचे दंड दाखवतो आणि गहाणखत विसरतो. 'मनात आणलंस तर तू काहीही होशील' हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं. तुमच्या फीसाठी कुणाची म्हैस विकली गेली, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढलं, कुणाच्या मोठ्या बहिणीचं शिक्षण दहावीला थांबलं, ते या मांडवात बसलेल्यांना नावानिशी माहीत आहे. पहिल्या पगारातून पेढे आणाच, पण ज्याने हातभार लावला त्याला रक्कम विचारा आणि ती फेडायची तारीखही ठरवा. आईवडील 'राहू दे रे' म्हणतील. ऐकू नका. बहिणीच्या बाबतीत तर मुळीच ऐकू नका.

शेवटचं बोलायचंय ते आज ज्यांच्या हातात ऑफर लेटर नाही त्यांच्याशी. मला सांगण्यात आलंय की तुमची संख्या थोडी नाही. माझ्याकडे तुमच्यासारखी मुलं छातीत धडधडतं म्हणून येतात. ईसीजी काढतो, तो स्वच्छ असतो. झोप रात्री तीनला, जाग अकराला, दिवसात कुणाशी धड बोलणं नाही, आणि 'सध्या काय करतोस' हा प्रश्न टाळण्यासाठी लग्नकार्यालाही जाणं नाही. तुम्हाला माझा बुधवारचा नेम इतरांपेक्षा जास्त लागणार आहे, कारण तुमची उठायची वेळ सांगायला कुणी साहेब नाही. सकाळी सातच्या आत घराबाहेर पडा, गावाच्या वेशीपर्यंत का होईना चालून या. येताना वाटेतल्या एखाद्या वर्कशॉपात, एखाद्या बांधकामावर थांबा, काय चाललंय ते विचारा आणि घरी येऊन तेवढं लिहून काढा. महिन्याभराने मुलाखतीला गेलात आणि समोरच्याने विचारलं की पदवी मिळाल्यापासून काय केलंस, तर वही पुढे सरकवता येईल. नोकरी लागेलच असं आश्वासन मी देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण रिकामी वही घेऊन आलेल्यापेक्षा तुमचं बोलणं वेगळं होईल.

आणि पालकहो, तुम्हालाही एक विनंती. पुढचे सहा महिने शेजारच्या मुलाचं पॅकेज घरात उच्चारू नका. त्या शेजारच्या मुलाचं बीपी मला माहीत आहे.

 भोजनाची व्यवस्था दुसऱ्या मजल्यावर आहे असं सूत्रसंचालक सांगतायत. जिना डाव्या हाताला आहे.