बिनतारी लहरींची मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



घराच्या भिंतीवर राऊटर नावाची एक लहानशी पेटी लावलेली असते. शेजारच्या खोलीत बसलेली विद्यार्थिनी समोर लॅपटॉप घेऊन, कोणतीही तार न जोडता, व्याख्यान ऐकते आणि परीक्षेचा अर्ज भरते. ही सोय कोणी दिली असे विचारले, तर बिल पाठविणाऱ्या कंपनीचे नाव सांगितले जाते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. घरापर्यंत येणारी तार कंपनीची असते. परंतु पेटीपासून लॅपटॉपपर्यंतचा शेवटचा टप्पा ज्या लहरींवरून पार पडतो, त्या लहरी कोणाही कंपनीच्या मालकीच्या नाहीत. वायफायच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

या तंत्राचा इतिहासही तेच सांगतो. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बेटांवरील केंद्रे रेडिओलहरींच्या द्वारे संगणकाशी जोडून दाखविली. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही लहरपट्टे परवान्यावाचून वापरण्यास खुले केले. भिंतींवर आदळून परतणाऱ्या लहरींमुळे होणारा गोंधळ दूर करण्याची एक महत्त्वाची पद्धत ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने शोधून काढली. भारतात २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त झाला. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन आणि सर्वांस खुल्या असलेल्या लहरी, या पायावर ही इमारत उभी आहे. तिच्या दारावर पाटी मात्र खाजगी नफ्याची लागली आहे.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निःसंदिग्ध निर्वाळा दिला की, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. हा निकाल देणाऱ्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. पुढे महाराष्ट्राच्या पुरोगामी चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध राहिला. त्यांच्या निकालपत्रातील हे तत्त्व कार्यकर्त्यांनी आपल्या मागणीचा आधार मानले पाहिजे.

सार्वजनिक ठिकाणचा अनुभव काय आहे? २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनी मिळून मोफत वायफाय सुरू केले. चारशेहून अधिक स्थानकांवर ते पोहोचले. २०१८ साली एर्नाकुलम स्थानकावरील एका हमालाने याच सोयीच्या बळावर ओझी वाहता वाहता अभ्यास केला आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला. २०२० साली, मोबाईलचा डेटा स्वस्त झाला असे कारण देऊन, परदेशी कंपनीने अंग काढून घेतले. काम पुढे चालविले ते रेलटेल या सार्वजनिक उद्योगाने. सहा हजारांहून अधिक स्थानकांवर त्याने ही सेवा नेली. मात्र २०२१ पासून पहिल्या अर्ध्या तासानंतर पैसे मोजण्याची व्यवस्था आली.

डेटा स्वस्त असता सार्वजनिक वायफाय कशाला, असा प्रश्न काही मित्रही विचारतात. २०२० च्या टाळेबंदीत एकाच फोनभोवती दाटलेली तीन-तीन भावंडे ज्यांनी पाहिली, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. दिवसाचा ठरलेला डेटा लॅपटॉपला जोडला की पाहता पाहता संपतो. शिवाय स्वस्ताईची हमी कोण देणार? २०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकदमच दर वाढविले.

२०२० च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. चहावाल्याने, किराणा दुकानदाराने परवान्यावाचून आपली जोडणी लोकांना अल्प दरात वापरू द्यावी, ही तिची कल्पना. गल्लोगल्लीच्या जुन्या पीसीओंची आठवण करून देणारी ही योजना स्वागतार्हच होती. परंतु २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक केंद्रांचे उद्दिष्ट असताना, मजल काही लाखांच्या पुढे गेली नाही. कारण दुकानदाराकडून कंपन्या महागड्या व्यापारी जोडणीचा आग्रह धरीत राहिल्या. अखेर २०२५ च्या जूनमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारणीस आळा घालावा लागला.

आणखी एक बाजू सुरक्षिततेची. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा संदेश नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वायफायवरून गेल्याचे आढळले. त्यानंतर २००९ साली दूरसंचार खात्याने कडक सूचना काढल्या. घरच्या राऊटरला पक्का पासवर्ड असणे, स्थानकावरच्या उघड्या जाळ्यावरून बँकेचे व्यवहार टाळणे, हे शहाणपणाचेच आहे. परंतु सार्वजनिक जाळ्यात प्रवेशासाठी मोबाईल क्रमांक आणि ओटीपी सक्तीचा झाला की, ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही तोच बाहेर राहतो, आणि आत गेलेल्याची नोंद कोणाच्या हाती पडते हे त्याला कळत नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली पाळत नको, ही मागणी लोकशाहीवाद्यांनी केलीच पाहिजे.

मार्ग अशक्य नाही. इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले. २०२३ साली त्या राज्याने ‘के-फॉन’ हे स्वतःचे जाळे कार्यान्वित केले. गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. प्रत्येक अनुदानित ग्रंथालयात, एसटी स्थानकावर आणि ग्रामपंचायतीत विनामूल्य वायफाय आणि बसायला एक टेबल, एवढी साधी मागणी तालुक्या-तालुक्यातून उठली पाहिजे.

गावच्या पाणवठ्यावर कोणाचीही मक्तेदारी चालू द्यायची नाही, यासाठी १९२७ साली महाडला लढा झाला. आकाशातील या नव्या पाणवठ्याबाबतही तीच जागरूकता हवी. लहरी सर्वांच्या आहेत; त्या सर्वांपर्यंत पोहोचविणे हे चळवळीचे काम आहे.