समुद्रापलीकडचा शेजारी

भूगोलाच्या शिक्षकाला एक खोड असते. समोर कोणी निवांत बसलेला दिसला, की त्याच्यापुढे कोरा कागद सरकवावा आणि जगाचा नकाशा काढावयास सांगावा, असे त्याला वाटू लागते. पुस्तक उघडावयाचे नाही, भिंतीकडे पाहावयाचे नाही. मनात जे जग आहे, तेवढे कागदावर उतरवावयाचे. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रयोग मी वर्गातल्या मुलांवर केला, सहकाऱ्यांवर केला आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या पाहुण्यांनाही त्यातून सोडले नाही.

या कागदांतून एक गोष्ट नेहमी दिसे. भारत प्रत्येक जण मोठा काढी; त्यात नवल नाही, आपले घर कोणालाही मोठेच दिसते. इंग्लंड हा एवढासा देश. पण तो बहुतेकांना जागच्या जागी ठेवता येई. अमेरिकेची न्यूयॉर्कची बाजू कोणती आणि कॅलिफोर्नियाची कोणती, हेही पुष्कळांना ठाऊक असे. आफ्रिकेपाशी आले, की मात्र पेन्सिल अडखळे. मग एक मोठा बटाटा काढला जाई, वरच्या अंगाला ‘सहारा’ आणि खालच्या टोकाला ‘दक्षिण आफ्रिका’ असे लिहिले जाई, आणि मधली जागा तशीच कोरी राही. या कोऱ्या जागेविषयी आज मला आपणांशी बोलावयाचे आहे.

हे अज्ञान केवळ आपल्याकडचे आहे, असे कोणी समजू नये. 2014 साली युक्रेनमध्ये संघर्ष पेटला, तेव्हा अमेरिकेतील तीन राज्यशास्त्रज्ञांनी आपल्या देशातील 2,066 प्रौढ माणसांना नकाशावर युक्रेन दाखवावयास सांगितले. सहांपैकी एकालाच तो देश दाखविता आला. कोणी आशियाच्या दुसऱ्या टोकाला बोट ठेवले, कोणी आफ्रिकेत, तर कोणी चक्क स्वतःच्याच देशात. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे; पण पुढचा निष्कर्ष ऐकला, म्हणजे हसू मावळते. ज्यांचे बोट खऱ्या जागेपासून जितके दूर पडले, तितका त्यांचा कल अमेरिकेने तेथे सैन्य घालावे, या मताकडे अधिक होता. अज्ञान गप्प बसत नाही, श्रोतेहो. ते मत देते, आणि ज्ञानापेक्षा अधिक ठासून देते.

याचा एक अनुभव मला फार जवळून आला. माझा एक जुना विद्यार्थी, हुशार आणि मनमिळाऊ, हिशेबाच्या कामात तरबेज झाला होता. 2014 च्या पावसाळ्यात त्याला टांझानियातील दार-ए-सलाम या बंदरशहरी चांगली नोकरी चालून आली. त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाची भयंकर साथ पसरली होती. वर्तमानपत्रांत रोज मथळे येत: ‘आफ्रिकेत मृत्यूचे थैमान.’ मुलाच्या आईने अन्न सोडले. थोरल्या काकांनी निर्वाणीचे सांगितले, की पैसा येईल-जाईल, जीव पुन्हा येत नाही. मुलाने नकार कळविला. नंतर तो मला भेटावयास आला आणि सहज म्हणाला, “सर, एवढी साथ चालू असताना आफ्रिकेत कोण जाणार?”

मी काही बोललो नाही. पृथ्वीचा गोल काढला, एक दोरा घेतला आणि लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथून दार-ए-सलामपर्यंत ताणला. अंतर सुमारे 5,700 किलोमीटर भरले. मग तोच दोरा मुंबईपासून दार-ए-सलामपर्यंत लावला. ते भरले सुमारे 4,700. म्हणजे ज्या साथीच्या भयाने आम्ही मुलाला मुंबईकडे धरून ठेवले, तिच्या मुलखापेक्षा मुंबईच दार-ए-सलामला हजार किलोमीटरने जवळ होती. टांझानियात ती साथ त्या काळात पोहोचलीही नाही. मुलगा बराच वेळ त्या दोऱ्याकडे पाहत राहिला. “हे मला कोणी सांगितलं नाही, सर,” एवढेच तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर मुळीच नव्हता. परंतु त्याला आठवीत भूगोल मीच शिकविला होता. आफ्रिका खंड मी तीन तासांत संपविला होता: वाळवंट, सिंह आणि हिऱ्यांच्या खाणी. तेव्हापासून ती कोरी जागा मला माझ्या स्वतःच्या हिशेबात मांडावी लागते.

ही जागा कोरी राहिली कशी, याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा पहिला आरोपी भिंतीवरच टांगलेला सापडला. शाळाशाळांतून दिसणारा जगाचा तो परिचित नकाशा मर्केटर या भूगोलज्ञाने 1569 साली योजिलेल्या पद्धतीचा. तो दर्यावर्दी लोकांसाठी होता. त्यावर सरळ रेघ मारली, की होकायंत्राची दिशा अचूक मिळे. पण गोलाची साल सपाट पसरताना कोठेतरी ताण द्यावाच लागतो. मर्केटरने तो ध्रुवांकडे दिला. त्यामुळे उत्तरेकडचे देश फुगले आणि विषुववृत्ताजवळचे जसेच्या तसे राहिले. त्या नकाशावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारख्याच दिसतात. वस्तुतः ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे 22 लाख चौरस किलोमीटर, आपल्या भारताहूनही कमी. आणि आफ्रिकेचे तीन कोटींहून अधिक, म्हणजे ग्रीनलंडच्या चौदापट. या खंडात आज 54 स्वतंत्र राष्ट्रे आहेत. आणि आपण मात्र एखाद्या तालुक्याविषयी बोलावे तसे ‘आफ्रिकेत’ असे म्हणतो.

दुसरा आरोपी अधिक प्रतिष्ठित आहे. जेम्स रेनेल हे नाव भारताच्या भूमापनात आदराने घेतले जाते. बंगालचा पहिला सर्व्हेअर जनरल तोच. ज्या नद्यांच्या काठी तो हिंडला, त्यांचे त्याने केलेले नकाशे त्या काळच्या मानाने उत्कृष्ट होते. पुढे इंग्लंडात परतल्यावर, मंगो पार्क या प्रवाशाच्या वृत्तान्ताला जोडण्यासाठी त्याने 1798 साली पश्चिम आफ्रिकेचा नकाशा तयार केला. तेथे तो स्वतः कधी गेला नव्हता. पार्कने दूरवर डोंगर असल्याचे लिहिले होते. तेवढ्या आधारावर रेनेलने ‘काँग पर्वत’ नावाची लांबलचक रांगच काढली. इतरांनी ती उतरवून घेतली आणि आपापल्या परीने वाढविली. जवळजवळ नव्वद वर्षे हा पर्वत नकाशांत उभा होता. अखेर बँजे या फ्रेंच अधिकाऱ्याने 1887 ते 1889 या काळात त्या मुलखातून प्रवास केला, आणि तेथे पर्वत नाहीच, असे जगाला कळविले. जो माणूस बंगालच्या नद्यांविषयी इतका काटेकोर होता, त्यानेच न पाहिलेल्या प्रदेशात पर्वत उभा केला. आपल्या मनातल्या नकाशांतही असे काँग पर्वत पुष्कळ आहेत. सारी आफ्रिका म्हणजे रखरखीत उन्हाळा, हा त्यांतलाच एक. आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेस केवळ तीन अंशांवर, 5,895 मीटर उंचीच्या किलिमांजारोच्या माथ्यावर बर्फ आहे.

तिसरे कारण आपल्या इतिहासात आहे. दोन शतके आपला जगाकडे पाहण्याचा दरवाजा लंडनच्या दिशेने उघडत होता. मुंबईपासून लंडन सुमारे 7,200 किलोमीटर आणि नैरोबी सुमारे 4,500. पण मनाच्या मोजपट्टीवर लंडन शेजारी आणि नैरोबी सातासमुद्रांपलीकडे. खरा शेजारी आपण विसरलो, आणि तोही असा शेजारी, की ज्याचे देणे आपण रोज ताटात वाढून घेतो.

हे मी अलंकारिक बोलत नाही. आपली ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतील, सुदानकडची. बाजरी सहाराच्या दक्षिण कडेवरील पश्चिम आफ्रिकेतली. कोकणातल्या वरकस जमिनीवर पिकणारी नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. हजारो वर्षांपूर्वी ही धान्ये आपल्याकडे आली आणि इतकी रुळली, की भाकरीहून अधिक मराठी असे काही आपल्याला सुचत नाही. जिच्या अवाढव्य बुंध्याभोवती आपण गोरखनाथांच्या कथा गुंफल्या, ती गोरखचिंच हा आफ्रिकेच्या माळरानांवरचा बाओबाब वृक्ष होय. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा दख्खनमध्ये आला आणि मलिक अंबर या नावाने निजामशाहीचा आधारस्तंभ झाला; आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे शहर त्याने खडकी या नावाने वसविले. उलट दिशेने गेलेले शब्दही आहेत. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत वाहनाला ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, आणि चपातीला चपातीच.

या साऱ्या देवघेवीला वाहून नेणारा वारा तोच आपला मोसमी वारा. दक्षिण गोलार्धात मॉरिशस-रियुनियनच्या बाजूला हवेचा दाब वाढतो, तेथून निघालेले वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे येतात, पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराला अडून उत्तरेकडे वळतात, केनिया-सोमालियाच्या काठाने विषुववृत्त ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आपल्या किनाऱ्यावर धडकतात. या वेगवान वायुप्रवाहाचे चित्र फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने 1969 साली स्पष्ट केले. परंतु गलबते हाकणाऱ्या नाखव्यांना त्याची जाण कित्येक शतके होती. हिवाळ्यात इकडून तिकडे जावयाचे आणि नैर्ऋत्येचा वारा लागला, की परतावयाचे. सोमालियाच्या किनाऱ्यावर जे घडते, त्यावर आपल्या मृगाच्या पेरणीचे भवितव्य अवलंबून असते.

वाऱ्याबरोबर संकटेही येतात. 2018 साली दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पाडला. ओल्या वाळूत टोळांची पैदास झाली. येमेनमार्गे त्यांनी सोमालिया, इथिओपिया, केनिया गाठले, तर इराण आणि पाकिस्तान यांच्या वाटेने ते राजस्थानात उतरले. आणि 2020 च्या मे महिन्यात त्यांचे थवे अमरावती व नागपूर जिल्ह्यांतील संत्र्यांच्या बागांवर आले. तेथला शेतकरी डबे वाजवून त्यांना हुसकावीत होता, तेव्हा केनियातला शेतकरीही तेच करीत होता. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले नव्हते. संकट मात्र दोघांचे पत्ते जाणून होते.

मग परक्या प्रदेशाची माहिती करून घ्यावी तरी कशी? राजधान्यांच्या याद्या पाठ करून हे साधत नाही. त्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरल्या जातात. मी निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षांत मुलांना कोणत्याही देशाविषयी चारच प्रश्न विचारावयास शिकविले. तो आपल्यापासून किती दूर आहे? तेथे पाऊस केव्हा पडतो? तेथली माणसे काय पिकवितात आणि काय खातात? आणि आपल्या घरातली कोणती वस्तू तेथून आली आहे? बातमीत एखादे अनोळखी नाव आले, की मत बनविण्यापूर्वी या चार प्रश्नांना पाच मिनिटे द्यावीत. गोल नसला, तर साधा नकाशाही चालेल; आपण त्याच्याकडे पाहण्याची सवय तेवढी हवी.

माझा तो विद्यार्थी आता पुण्यात स्थिरस्थावर झाला आहे आणि त्याची काही तक्रार नाही. गेल्या वर्षी तो आपल्या मुलीला घेऊन आला होता. मी सवयीने तिच्यापुढे कोरा कागद सरकविला. तिने भारत काढला, मोठाच काढला, आणि मग त्याच्या डावीकडे समुद्र सोडून आफ्रिका काढू लागली. तिचा बाप खाली वाकून म्हणाला, “अगं, इतकी लांब नको. जरा जवळ घे.”