साठवणीचा विवेक

बंगळूर शहर उंच पठारावर वसलेले आहे. कावेरी मात्र दूर आणि पुष्कळ खाली वाहते. १९७४ साली कावेरी योजनेचा पहिला टप्पा पुरा झाला, तेव्हापासून हे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून पंपांनी चढवून आणावे लागते. इतक्या सायासाने येणारे पाणी शहरातील टाक्यांत साठवतात. प्रत्येक घागरीसाठी कोणी नदीवर जात नाही.

माहितीलाही हाच न्याय लागू पडतो. १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट या जाळ्याच्या पहिल्या आठ संस्थांत बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती. त्या काळी परदेशाशी जोडणारा मार्ग फारच अरुंद असे. ६४ किलोबिटांच्या जोडणीवरून ६५० मेगाबाइटांची फाइल उतरवायची, तर मार्ग सर्वस्वी मोकळा असूनही साडेबावीस तास लागतात. दहा जणांनी तीच फाइल स्वतंत्रपणे मागवली, तर नऊ दिवस पुरत नाहीत. आणि अकरावा मनुष्य साध्या पत्रासाठी ताटकळत बसतो.

यावरील उपाय म्हणजे प्रॉक्सी, अर्थात संस्थेचा मुखत्यार. तो सर्वांच्या वतीने मागणी करतो आणि आलेल्या वस्तूची एक प्रत कोठारात ठेवतो. या कामी १९९६ साली निघालेली स्क्विड ही आज्ञावली जगभर रूढ झाली.

परंतु मुखत्यारालाही नीट सूचना द्याव्या लागतात. स्क्विडची मूळ मर्यादा ४ मेगाबाइटांची आहे. त्याहून मोठी फाइल ती मागणाऱ्याला देते, पण साठवीत नाही. म्हणजे जेथे लाभ सर्वांत मोठा, तेथेच कोठाराचे दार बंद! मर्यादा वाढवावी, तर ती एक फाइल दहा किलोबाइटांच्या पासष्ट हजार पानांची जागा अडविते. म्हणून मर्यादेबरोबर कोठारही वाढवावे लागते आणि जुने काय काढून टाकावे, याचा नियमही ठरवावा लागतो. मागणाऱ्याने मध्येच माघार घेतली, तर काय करावे? पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग आला असेल, तर स्क्विड उरलेला आणून घेते. एरवी बहुधा काम सोडून देते. हे प्रमाण फार खाली आणले, तर कोणालाच नको असलेल्या फाइलींनी मार्ग तुंबतो.

आज बहुतेक मजकूर मोहोरबंद लखोट्यासारखा गुप्तलिपीत येतो. तो मुखत्यारास वाचता येत नाही, मग साठवणार कसा? म्हणून अनेक संस्था मोठ्या फाइलींची प्रतिकोठारे उघडपणे चालवितात. साधन बदलले, तरी प्रश्न जुनाच आहे : सर्वांच्या मालकीच्या अरुंद वाटेवर एकाची गरज दुसऱ्याच्या आड येऊ नये. त्याचे उत्तर यंत्र देत नाही. यंत्राला नियम घालून देणाऱ्या माणसालाच ते द्यावे लागते.