मान कुणाचा, धन कुणाचं, काम कुणाचं?

मागच्या महिन्यात आमच्या गटात मानधनावरून कुरबुर झाली. हिशेब लिहायचं मानधन एका ताईंच्या नावावर होतं, पण सहा महिने वही लिहीत होती दुसरीच. दोघी आपल्याच, म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं. तेव्हा आम्हाला बी.ए.ला असताना वाचलेला एक शब्द आठवला – प्रीबेंड. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

हा शब्द मूळचा लॅटिन भाषेतला. ‘प्रेबेरे’ म्हणजे पुरवणं, आणि ‘प्रेबेंडा’ म्हणजे पुरवायचा शिधा. बिशपच्या मुख्य चर्चला कॅथेड्रल म्हणतात. तिथल्या धर्मगुरूंचा खर्च आधी सामाईक कोठारातून चालायचा. पुढे चर्चला दान मिळालेल्या जमिनींचे वाटे पडले आणि एकेका पदाला एकेका जमिनीचं उत्पन्न लावून दिलं. त्या वाट्याला म्हणायचे प्रीबेंड, आणि तो घेणारा प्रीबेंडरी. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये अशी ३० पदं होती. गंमत म्हणजे याच शब्दातून इंग्रजीत ‘प्रोव्हेंडर’ आला. त्याचा अर्थ गुरांचं वैरण-दाणा! म्हणजे मुळात गोष्ट साधी होती: जो राबतो, त्याच्या पोटाची सोय.

पण उत्पन्न पदाला चिकटलं आणि काम सुटत गेलं. इंग्लंडात कितीतरी प्रीबेंडरी दुसऱ्या गावी राहायचे, कुणाकडे तर दोन-तीन पदं असायची. प्रार्थना गायला थोड्या पैशात बदली माणूस उभा असायचा. शेवटी १८४० साली तिथल्या संसदेनं कायदा केला. तिथं न राहणाऱ्यांची पदं जशी रिकामी होतील, तसं त्यांचं उत्पन्न काढून गरीब गावांतल्या चर्चकडे वळवायचं ठरलं. काही कॅथेड्रलांत प्रीबेंडरी हा किताब आजही देतात, पण नुसता मानाचा.

ही गोष्ट आम्ही बैठकीत सांगितली. थोडा वेळ सगळ्या गप्प. मग त्या ताईच म्हणाल्या, “वही जी लिहिते, तिलाच मानधन द्या. माझं नाव काढा.” तसा ठराव झाला, आणि मागच्या सहा महिन्यांचा हिशेबही दोघींनी आपसात मिटवला.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तुमचीही वही उघडा. पद कुणाचं, पैसा कुणाला आणि काम कुणाचं, हे तीन प्रश्न विचारा. भांडणासाठी नको, गट टिकावा म्हणून.