थंडीतली द्राक्षं आणि दारातली विक्री

आज आम्ही द्राक्षांविषयी बोलणार आहोत आणि वाइनविषयीही. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी गावात आडव्या बाटलीला मत दिलंय, आजही देऊ. पण ज्या बागेत आपण डिपिंग-थिनिंग करतो, तिथल्या मालाचं दुसरीकडे काय काय होतं, हे कळायला हरकत कसली?

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, मोठ्या शहरापासून लांब, अकरा लांबट तळी आहेत. हाताच्या बोटांसारखी, म्हणून त्या मुलखाचं नाव फिंगर लेक्स. हिवाळ्यात तिथं पारा कधी उणे २० अंशांपर्यंत उतरतो. निफाडला थंडी वाढली की मणी तडकू नयेत म्हणून आपण पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. तिथं तर वेलच मरायची भीती!

तिथल्या बागा वाचतात त्या तळ्यांमुळे. सेनेका तळं ६०० फुटांहून खोल आहे. एवढं पाणी लवकर थंड होत नाही, म्हणून उतारावरच्या बागांना हिवाळ्यात ऊब मिळते. वसंतात तेच पाणी गार असतं, त्यामुळे डोळे उशिरा फुटतात आणि उशिराच्या कडाक्यातून सुटतात. शिवाय थंडीआधी कलमाच्या जोडावर मातीची भर घालतात आणि वसंतात ती काढतात. छाटणी वर्षातून एकदाच, आपल्यासारखी खरड आणि गोडी अशी दोनदा नाही. छाटणीआधी डोळे पात्यानं कापून बघतात. आत हिरवं म्हणजे जिवंत, तपकिरी म्हणजे मेलेलं. मेलेले जास्त निघाले तर काडीवर डोळे जास्त ठेवायचे. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासायला देतात, त्याच जातीचं हे काम.

युरोपातली नाजूक द्राक्षं इथं टिकणार नाहीत, असंच तिथले जाणते म्हणायचे. १९५१ साली मूळचे युक्रेनचे कॉन्स्टंटिन फ्रँक नावाचे द्राक्षतज्ज्ञ आले. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सुरुवातीला त्यांच्या हाती खुरपणीचं काम आलं. त्यांचं म्हणणं एकच, थंडीला दोष देऊ नका, खुंट बरोबर निवडा. १९६२ मध्ये त्यांनी केयुका तळ्याकाठी स्वतःची वायनरी काढली. आज रिसलिंग हे पांढरं द्राक्ष त्या भागाची ओळख आहे.

आम्हाला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो १९७६ चा कायदा. त्याआधी छोट्या बागायतदाराला द्राक्षं मोठ्या कंपन्यांना घालण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. कंपनी म्हणेल तो भाव, आणि तिनं माल नको म्हटलं की संपलं. व्यापाऱ्यानं भाव पाडला की काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या द्राक्षांची वाइन करून आपल्याच दारात गिऱ्हाइकाला विकता येऊ लागली. आता एकट्या फिंगर लेक्समध्ये शंभराहून जास्त वायनऱ्या आहेत. लोक येतात, घोट-घोट चाखतात, सोबत जवळच्या गोठ्यांच्या दुधाचं चीज खातात.

चवीची जोडी जमवायचं त्यांचं शास्त्र आपल्या स्वयंपाकघराबाहेरचं नाही. गार हवेत पिकलेल्या द्राक्षात आंबटपणा टिकतो, म्हणून तिथली रिसलिंग तळ्यातल्या माशाबरोबर देतात. आपण तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो, तसंच. थोडी गोडसर असेल तर तिखट जेवणाबरोबर, झणझणीत रश्शावर गुळाचा खडा तोंडात टाकावा तशी.

आणि गंमत बघा, याच मुलखातल्या सेनेका फॉल्स गावात १८४८ साली बायकांच्या हक्कांसाठी परिषद भरली आणि तिथं मतदानाचा हक्क मागितला गेला. पुढच्याच वर्षी त्याच गावातून अमेलिया ब्लूमर यांनी दारूविरोधात 'द लिली' नावाचं बायकांचं पत्र सुरू केलं. नवऱ्याच्या दारूपायी घर उघड्यावर पडलं तरी बाईच्या हाती काही नाही, हे दुखणं तिथलंही होतं. दारूबंदी आणि द्राक्षबाग दोन्ही त्याच मातीतले, आणि त्याचं आम्हाला नवल वाटत नाही.

बाटलीशिवायही तिथं द्राक्षाचे पैसे होतात. कॉनकॉर्ड नावाच्या काळ्या द्राक्षाचा रस आणि जेली होते. नेपल्स गाव तर द्राक्षाच्या पायसाठी नावाजलेलं आहे. आयरीन बूशार्ड या बाईंनी १९६० च्या दशकात तो करायला घेतला. कृती सोपी, वेळखाऊ मात्र आहे. मणी चिमटीत दाबला की गर बाहेर येतो, साल हातात राहते. गर शिजवून गाळायचा, म्हणजे बिया निघतात. मग साली परत त्यात घालायच्या, साखर आणि थोडं पीठ मिसळून मैद्याच्या पारीत भरून भाजायचं. रंग आणि चव त्या सालीतच असते. आपल्या थॉमसनची साल अशी सुटत नाही, बंगलोर ब्लूची सुटते. गटात कुणाला करून बघायचं असेल तर आधी दोन किलोचाच घाट घाला, कारण सोलायला सगळ्यांचे हात लागतात.